मंगलच्या आधी जिना उतरलेली बाई

आमच्या अपंग संघटनेतल्या कोणाच्या हातात हा अंक पडला तर माझी काही खैर नाही. अमावास्येला स्मशानात चहा प्यायचा जाहीर कार्यक्रम ठेवणारा मी. अंगात आलेल्या बाईला "ताई, तेवढं पाण्याचा टँकर कधी येईल ते सांगा" असं विचारून मार खाता खाता वाचलेला मी... आणि आता मीच या भुताखेतांच्या अनुभवांच्या सदरात लिहायला बसलोय. भूत, भानामती, करणी – यातलं काही मी मानलं नाही, आजही मानत नाही. माझ्या पत्रकांत तसं स्पष्ट छापलेलं आहे.

आणि अनुभव सांगण्याआधी एक तक्रार. या सदरात दर महिन्याला जे छापून येतं त्यात एक लंगडा म्हातारा असतो, नाहीतर एक काणा वाटसरू, नाहीतर उलट्या पायांची बाई. म्हणजे माणूस जिवंत असताना त्याला पायावरून हिणवायचं, आणि मेल्यावर भूत ओळखायचं तेही पायावरूनच! संपादकांनी याचा विचार करावा. नाही केला तर आम्ही कार्यालयावर येऊ, हे प्रेमानं सांगतोय.

मी जळगावचा. उजवा हात कोपराखाली नाही – लहानपणीच कडबाकुट्टीच्या मशीननं नेला. हळहळू नका. हळहळ मला इतकी मिळालीय की ठेवायला जागा नाही. डाव्या हातानं मी पत्रकं लिहितो आणि सायक्लोस्टाइल करून वाटतो, हे माझं मुख्य काम. गोष्ट सुरू झाली तीही एका पत्रकापासूनच.

चार-पाच वर्षांपूर्वी धुळ्याचा विलास देवरे याचं नाव जळगाव-धुळे पट्ट्यात सगळ्यांना माहीत होतं. लग्नाची व्हिडिओ शूटिंग करायचा. नवरीच्या गालावर गुलाब उमलतो आणि त्यातून हसरा नवरदेव बाहेर येतो, ही कमाल त्याचीच. टीव्हीवर मराठी टेलिफिल्म लागायला लागल्या होत्या, आणि विलासच्या डोक्यात आलं की एक जुना गाजलेला ब्लॅक अँड व्हाइट रहस्यपट नव्यानं टीव्हीसाठी करायचा. पिक्चरचं नाव सांगत नाही, हक्कांची भानगड नको. त्याची नायिका पायांनी अधू. मोठ्या बंगल्यात वरच्या मजल्यावर एकटी. खाली चोर शिरलाय, तो चोर म्हणजे तिचाच चुलतभाऊ. दिव्यांच्या उजेडात तो तिला शोधून काढणार, म्हणून तिनं अंधाऱ्या जिन्यानं उतरून मेन स्विच पाडायचा, कारण अंधारात घर तिच्या ओळखीचं आणि त्याच्या नाही. इथपर्यंत झकास. पण शेवटी काय होतं? चोर समोर येतो, बाई भयंकर घाबरते, आणि घाबरून तिचे पाय बरे होतात! धावत जाऊन हिरोच्या गळ्यात पडते. थिएटरमध्ये टाळ्या.

विलासनं पेपरात जाहिरात दिली – सुंदर, उंच, अपंगाची भूमिका करण्याची तयारी असलेली तरुणी पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या जळगावच्या स्टुडिओसमोर उभा. पत्रकाचं शीर्षक होतं, ‘लंगडण्याची अॅक्टिंग बंद करा!’ येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत होतो. ऑडिशनला आलेल्या मुलींनाही वाटलं. त्यातल्या दोघी वाचून परत गेल्या.

विलास बाहेर आला. गोरा, घामेजलेला, गळ्यात लाइट मीटर. मला म्हणाला, "काय रे भो, माझ्या पोटावर का पाय देतो?"

"पाय द्यायला पायच पाहिजेत. ते नसलेली माणसं घ्या की पिक्चरमध्ये."

"अरे आण की मग! कोण नाही म्हणतंय? चालता न येणारी, दिसायला बरी, आणि कॅमेऱ्यासमोर तोंड उघडणारी पोरगी आण. आण तू! आजच आण!"

त्याला वाटलं मी गप्प बसेन. मी त्याच्याच स्कूटरवर मागे बसलो आणि त्याला मंगलच्या बूथवर घेऊन गेलो.

मंगल मूळची चोपड्याकडची. वडलांची केळीची बाग. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, उजवा पाय गेला. त्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत कॅलिपर – लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे – आणि दोन्ही काखेत कुबड्या. आम्ही कलेक्टर कचेरीसमोर बसून बसून तिला बसस्टँडजवळ एसटीडी बूथ मिळवून दिला होता. आवाज असा, की ट्रंक कॉलवाले लोकसुद्धा फोन ठेवल्यावर उगाच काउंटरशी रेंगाळायचे. आम्ही पोचलो तेव्हा ती एका गिऱ्हाइकाला सांगत होती, "काका, ओरडू नका. सुरतपर्यंत आवाज तारेतून जातो, वाऱ्यानं नाही."

विलास तिथंच खलास.

तिला स्टोरी सांगितली तर हसत सुटली. "हा पिक्चर मी लहानपणी आमच्याकडच्या टुरिंग टॉकीजमध्ये बघितलाय हो सर! बघून आल्यावर माझे सगळे मावसभाऊ महिनाभर दाराआडून ‘भो!’ करायचे. घाबरून बरी होईन म्हणून. पाय तसाच राहिला, पण अजून कोणी दारातून आलं की मी दचकते." मग एकदम गंभीर झाली. "मी करते. पण शेवटी मी बरी होणार नाही. चालेल?"

विलास थोडा विचार करून म्हणाला, "चालेल." याबद्दल त्या माणसाला मी आजही मानतो.

मानलं नाही ते बाविस्कर भाऊंनी. भाऊ चोपड्याचे केळीचे मोठे व्यापारी, पैसा त्यांचा. माणूस वाईट नव्हता... पांढरा सदरा, कपाळाला गंध, खिशात सुपारी. पण त्यांना सारखी काळजी. "पोरगी पडली-बिडली तर पाप माझ्या डोक्यावर," हे वाक्य दिवसातून कितीदा. त्यांच्या मनात नाशिकची एक नाटकातली मुलगी होती – चांगली चालती-फिरती. विलासनं त्यांना कसंबसं थोपवून धरलं. ठरलं असं, की जिन्याचा मोठा प्रसंग आधी शूट करायचा. तो मंगलला जमला तर पिक्चर तिचा. नाही जमला तर नाशिकवाली.

म्हणजे सगळं त्या एका जिन्यावर आलं. मंगल वरवर हसायची, पण तिनं बूथ भावाच्या हवाली केला होता, बूथच्या काचेवर ‘मालकीण शूटिंगला गेली आहे’ असं स्वतः लिहून चिकटवलं होतं. अर्ध्या बसस्टँडला माहीत झालं होतं. जमलं नाही तर परत येऊन तो कागद काढायचा होता.

धुळ्याच्या बाहेर, साक्रीकडे जाणाऱ्या रस्त्याला एक बंद पडलेली कापसाची जिनिंग-प्रेसिंग होती. तिच्या ऑफिसची इमारत विलासनं बंगला म्हणून घेतली. खाली लांब हॉल, त्यातून सरळ वर जाणारा लाकडी जिना, मधे टेकायला एक सपाट चौक, मग परत वर. उतरताना कठडा उजव्या हाताला. खाली जिना संपतो तिथं डाव्या भिंतीवर जुना मेन स्विच – मोठ्या लोखंडी दांड्याचा. हे सगळं मी नीट सांगतोय, कारण पुढं लागणार आहे. खिडक्यांना काळं कापड ठोकून भर दुपारी रात्र केली. फक्त वरच्या मजल्यावर मागं एक दिवा, म्हणजे जिन्यावर माणूस नुसता काळा दिसेल. बाहेर कापसाच्या गाड्या रस्त्यानं चालल्या होत्या, त्यांचे हॉर्न बंद व्हायची वाट बघत आम्ही बसायचो.

सकाळी मंगलनं एकदा करून बघितलं. कॅलिपर घातला की गुडघा वाकत नाही. काठीसारखा सरळ पाय, त्यात दोन कुबड्या. प्रत्येक पायरीला खण्-खट्-खण्. उतरायला इतका वेळ लागला की विलास कॅमेऱ्यामागून म्हणाला, "मंगल, तोपर्यंत चोर जेवून झोपेल." ती हसली, आणि हसता हसता पुढच्याच पायरीवर कॅलिपरचा मांडीवरचा पट्टा तुटला. बसली धपकन. लागलं नाही. पण भाऊंनी ते बघितलं.

"झालं! सांगत होतो मी. पाप माझ्या डोक्यावर!"

कॅलिपर घेऊन प्रॉडक्शनचा माणूस बाजारात चांभाराकडे गेला, आणि भाऊंची जीप कुठूनतरी एक मुलगी घेऊन आली. वैशाली. धुळ्याच्या कॉलेजची, कबड्डी खेळणारी, उंची मंगलएवढीच. डुप्लिकेट! तिला मंगलची साडी नेसवली, मंगलच्या कुबड्या तिच्या काखेत दिल्या. अंधारात चेहरा दिसणार नाही, भाऊ म्हणाले. हे जमलं की पुढचंही बघू, असंही म्हणाले. त्या ‘पुढचंही’चा अर्थ आम्हाला कळला.

मी जे बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. सारांश असा की डुप्लिकेटनं मारामारी करावी, घोड्यावरून पडावं, पण डुप्लिकेटनं अपंग व्हावं हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. भाऊ म्हणाले, "तू पत्रक काढ बाबा. पाहिजे तर कागद मी देतो."

मंगल हॉलच्या कोपऱ्यात लाकडी बाकावर माझ्याशेजारी बसली. परकर-पोलकं, अंगावर शाल. कॅलिपर चांभाराकडे, कुबड्या वैशालीकडे. केळीच्या वेफर्सची पिशवी आमच्या मधे. हे मुद्दाम सांगतो – ती तिथून हलली नाही. हलूच शकत नव्हती. अख्खा शॉट होईपर्यंत तिचा हात त्या पिशवीत होता. मला पुरेसे वेफर्स मिळाले नाहीत, म्हणून मला पक्कं आठवतंय.

वैशाली बिचारी गोड मुलगी. वर जाताना म्हणाली, "ताई, हे काखेत फार टोचतं हो."

"काखेत भार द्यायचाच नाही गं. हाताच्या पंज्यावर द्यायचा."

"मग काखेत कशाला देतात?"

"तुझ्यासारखीला फसवायला," मंगल म्हणाली.

विलास स्वतः कॅमेऱ्यावर. ‘अॅक्शन’. वैशाली उतरायला लागली... काय सांगू! दोन्ही कुबड्या पुढं टाकून दोन्ही पाय एकदम हवेत, धप्! परत हवेत, धप्! कबड्डीत चढाई करतात तशी. चौकापर्यंत आली आणि तिथं साडीत पाय अडकून "आई गं!" करून खाली बसली. सगळे हसलो. मंगल तर इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि हसणं ओसरल्यावर बऱ्याच वेळानं विलासचा आवाज आला, "कट! कट रे बाबा!"

हे आम्ही सगळ्यांनी आपापल्या डोळ्यांनी बघितलं. मी, मंगल, विलास, भाऊ. आणि वैशाली, जिच्या गुडघ्याला खरचटलं होतं.

भाऊ म्हणाले, "लावून तर बघू, कसं दिसतं." शेजारच्या खोलीत टीव्ही ठेवला होता. विलासनं कॅसेट रिवाइंड केली. मी मंगलला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं. प्ले.

पडद्यावर जिना. वरचा दिवा. बाई दिसली – काळी आकृती, तीच साडी. पण कुबड्या काखेत नव्हत्या. दोन्ही कुबड्या एकत्र करून तिनं उजव्या हातात घेतल्या होत्या, रानातून काड्या आणतात तशा. आणि डावा हात डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर. पाऊल खाली टाकायचं, हातानं मांडी दाबून गुडघा मागं ढकलायचा, मग दुसरं पाऊल. ज्यांनी कॅलिपर कधी बघितला नाही अशा पोलिओच्या बायका-माणसं गावाकडं अशीच चालतात. हाताच्या जोरावर पाय उभा करायचा. एक एक पायरी... हात सुटला तर गुडघा दुमडलाच! घाई नाही, अडखळणं नाही.

बाई चौकात आली. आणि नेमकं तेव्हा टीव्हीतून आवाज आला – "आई गं!"

वैशालीचा आवाज. मागून आमचं सगळ्यांचं हसणं. मंगलचा ठसका. म्हणजे आवाज आमच्याच शॉटचा होता! चित्र मात्र... ती बाई चौकात थांबली. आमचं हसणं चालू होतं तोवर थांबली. वाकून साडीच्या निऱ्या पायातून बाजूला केल्या, आणि हसणं संपल्यावर परत हात मांडीवर ठेवून निघाली. खाली आली. कुबड्या भिंतीला टेकवल्या, मेन स्विचचा दांडा खाली ओढला. चित्र काळं. काळ्यातून विलासचा आवाज, "कट! कट रे बाबा!"

विलासनं कॅसेट थांबवली.

पहिल्या बोलल्या त्या वैशालीबाई. "अन् मी पडले ते कुठं गेलं? माझा गुडघा फुकट फुटला का?"

भाऊंनी मंगलकडं बघितलं. त्यांचा चेहरा अगदी उजळला होता. "अगं पोरी, असं येतं तर सकाळी का नाही केलं? काय उतरली! हीच पाहिजे आपल्याला. विलास, नाशिकला नाही म्हणून कळवून टाक."

मी मंगलच्या कानाशी लागलो. "गप बस. हो म्हण."

संघटनेत काम करून हेच शिकलोय – दार उघडलं की आधी आत जायचं, कोणी उघडलं ते मागून बघू. पण मंगल टीव्हीकडंच बघत होती. तिच्या तोंडून चोपड्याची बोली निघाली, ती घाबरली की निघते तशी.

"हाई मी नही शे, भाऊ."

"मंग कोन शे?"

"माले काय माहीत? तिना डावा पाय शे. मना उजवा." मग भानावर आली. "भाऊ, ही मी नाही. तिचा डावा पाय अधू आहे, माझा उजवा. मी बाकावर बसलेले होते. पण मला असं उतरता येतं."



"लहानपणी मी अशीच चालायचे," ती सांगायला लागली. "मांडीवर हात ठेवून. झाडावर चढायचे, नदीवर जायचे. आई हातावर फटका मारायची – काढ हात, लोक बघतात. मग दवाखान्यात कॅलिपर मिळाला, तिथल्या बाईंनी हात सोडवला. तेव्हापासून कोणासमोर केलं नाही. घरी एकटी असले की करते अजून. खोटं कशाला बोलू."

ती माझी मैत्रीण. इतकी वर्षं मोर्च्यात सोबत. आणि मला हे माहीत नव्हतं.

विलास म्हणाला, "करून दाखव."

वैशालीनं साडी सोडून दिली, मंगल नेसली. वर जाताना बसून, उलटी, एकेक पायरी मागं सरकत गेली – वैशाली खालून "चल ताई, चल ताई" करत. काळं कापड लावलेल्या त्या हॉलमध्ये आम्ही उभे. भाऊंनी सुपारी तोंडात टाकली ती चावायचं विसरले. ‘अॅक्शन’.

आली. उजवा हात उजव्या मांडीवर, कुबड्या डाव्या हातात. कठडा उजवीकडं होता, पण धरला नाही, हात रिकामाच नव्हता. मधे एकदा गुडघा थरथरला, तिनं दाबला, उभा केला. भाऊ माझा खांदा धरून उभे होते, दुखेपर्यंत. मंगल खाली आली, स्विच पाडला, अंधार झाला, आणि त्या अंधारात तिचाच आवाज आला, "सर, चोराला जेवायला वेळ मिळाला का?"

टाळ्या इतक्या झाल्या की विलासला कट म्हणायचं सुचलं नाही.

पिक्चर मंगलचा झाला. शेवटी ती बरी झाली नाही. चोराला अंधारात कोंडून, पायरीवर बसून, सकाळ होण्याची वाट बघते – असा शेवट. टीव्हीवर लागला त्या दिवशी एसटीडी बूथवर मांडलेल्या टीव्हीसमोर इतकी गर्दी होती की ट्रॅफिक पोलिसानं येऊन आम्हाला दम दिला आणि मग स्वतःच शेवटपर्यंत थांबला.

आता त्या दुसऱ्या शॉटबद्दल. मी सोडणारा माणूस नाही, एकेक शक्यता तपासली.

जुन्या कॅसेटवर आधीचं काही रेकॉर्ड झालेलं असेल? कॅसेट नवी, पॅकिंग विलासनं माझ्यासमोर फाडलं. आणि काळं कापड आम्ही त्याच सकाळी ठोकलं होतं, ते चित्रात दिसतंय. विलास म्हणाला, चित्र उलटं झालं असेल, आरशासारखं, म्हणून डावा पाय. मी म्हटलं, मग मेन स्विच उजव्या भिंतीवर दिसायला पाहिजे. तो उतरणाऱ्या बाईच्या डावीकडंच आहे, कठडा उजवीकडंच आहे. कोणी चेष्टा केली? मग ती करताना आम्ही सगळे तिथंच उभे होतो ना, आम्हाला का नाही दिसली? विलास तर कॅमेऱ्याच्या भोकातून बघत होता. तो शपथेवर सांगतो, त्याला वैशालीच दिसली, उड्या मारताना.

मग राहिला तुमच्या सदरातला नेहमीचा रस्ता. मी जिनिंगच्या नानांकडं गेलो. नाना तिथले वॉचमन, म्हातारे, मिल चालू होती तेव्हापासून तिथंच. सरळ विचारलं, "नाना, इथं पूर्वी कोणी पायानं अधू बाई राहायची का? जिन्यावरून पडून गेली, असं काही?"

नानांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मीच भानामतीवाला आहे.

"आठे कोनीच राहे नही. वर सरकीन्या थैल्या राहेत. बाई कसाले येई आठे?"

"भूत-बीत?"

"भूत ऱ्हातं तं मी एकला आठे झोपतू का? तू शिकेल-सवरेल दिसस, काय बोली राह्यना?"

एवढ्या वर्षांत मला अंधश्रद्धेवरून कोणी झापलं असेल तर त्या नानांनी.

त्या शॉटची एक कॉपी विलासनं मला दिली. मी ती आजवर कितीतरी लोकांना दाखवली – डॉक्टरांना, प्रोफेसरांना, टीव्ही दुरुस्त करणाऱ्यालाही. मला वाटलं कोणीतरी काहीतरी सांगेल. सगळे एकच सांगतात, "ही मंगल. काय सुंदर केलंय!" मी म्हणतो, अहो पाय बघा, डावा आहे. ते परत बघतात आणि म्हणतात, "असेल, पण मंगलच ना?" अपंग बाई म्हटली की त्यांना एकच दिसते. डावा काय, उजवा काय! याचा राग मला त्या बाईच्या कोड्यापेक्षा जास्त येतो. इतकं ढळढळीत समोर दिसतंय, आणि लोकांनी तिच्या पायांकडं नीट बघितलेलंच नाही.

मंगलला विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "कोण होती माहीत नाही. पण आपण हसलो तर ती थांबली रे. रागावली नाही. साडी सावरली आणि पुढं निघाली. मला तेवढं बघून बरं वाटलं." आता ती बूथमध्ये कॅलिपर काढून ठेवते आणि मांडीवर हात ठेवून सगळ्यांसमोर चालते. दुसऱ्या टेलिफिल्मचं चाललंय. भाऊच देणार आहेत पैसे. जिना पाहिजेच म्हणतात.

मला उलगडा झालेला नाही. माझ्याकडं पत्रक काढण्याइतकाही मजकूर नाही. भूत मी अजून मानत नाही. पण कॅसेटवरच्या बाईला नाही कसं म्हणू, हे मला कळत नाही.

एक खोड मात्र लागलीय. ‘रस्त्यात आमच्या पायांकडे टक लावून बघू नका’ हे पत्रक माझंच, गाजलेलं. आणि आता बसस्टँडवर, बाजारात, मांडीवर हात ठेवून चालणारी बाई दिसली की माझीच नजर तिच्या पायांवर जाते – डावा की उजवा? परवा जळगाव स्टँडवर सातपुड्याकडच्या गाडीत एक बाई चढत होती. डोक्यावर गाठोडं, एक हात मांडीवर. मी वाकून बघायला लागलो. ती पायरीवर थांबली, वळली.

"काय देखी राह्यना रे भाऊ? पाय नही देखा का कधी?"

सगळी गाडी हसली. तिनं मांडी दाबली आणि आत गेली.

उजवा होता.